उंदीर एचआयव्हीमुक्त झाला, म्हणजे नेमकं काय झालं?

काही महिन्यांपूर्वी एका तालुक्याच्या गावी बोलायला गेले होते. विषय होता, लस शरीरात काय करते. कार्यक्रम संपला, चहा झाला आणि मी निघतच होते, तेवढ्यात पन्नाशीचे एक गृहस्थ बाजूला येऊन हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, उंदरांच्या अंगातून एचआयव्ही पूर्ण काढून टाकलाय म्हणे शास्त्रज्ञांनी. मोबाईलवर वाचलं. मग आमच्या गोळ्या कधी बंद होणार?"

'आमच्या' म्हणाले, तेव्हा कळलं की हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही. मी घाईने म्हणाले, "काका, गोळ्या अजिबात बंद करू नका. ते फक्त उंदरांत झालंय." त्यावर ते म्हणाले, "हो, पण उंदरात झालं म्हणजे आज ना उद्या माणसात होईलच की."

यावर दोन वाक्यांत देता येईल असं उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्याहून लाजिरवाणी गोष्ट म्हणजे, ज्या पेपरची ती बातमी होती तोच पेपर मी पीएचडीच्या पहिल्या वर्षी जर्नल क्लबमध्ये सादर केला होता. शेवटच्या स्लाइडवर मोठ्या अक्षरांत 'क्युअरच्या दिशेने' असंही लिहिलं होतं. उंदीर किती, कोणत्या प्रकारचे, त्यांच्यात काय नव्हतं, यावर एकही स्लाइड नव्हती. म्हणून आज तोच पेपर पुन्हा वाचू या. तुमच्यापैकी जे पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करताहेत त्यांनी एक लक्षात ठेवा, "हेच मॉडेल का निवडलं?" हा प्रश्न हमखास येतो.

मुळात उंदराला एचआयव्ही होत नाही

इथूनच सुरुवात करायला हवी. एचआयव्ही पेशीत शिरतो तो सीडी४ या रेणूला धरून, आणि सोबत सीसीआर५ किंवा सीएक्ससीआर४ यांपैकी एक सहरिसेप्टर लागतो. उंदराच्या पेशींवरही सीडी४ असतो, पण त्याची ठेवण वेगळी. विषाणूला तो पकडताच येत नाही.

"मग माणसाचं सीडी४ उंदरात घालू" हा विचार अर्थातच झाला. सहरिसेप्टरही घालून पाहिला. विषाणू आत शिरला आणि तिथे अडकला. विषाणूचं टॅट नावाचं प्रथिन पेशीतल्या सायक्लिन टी१ या प्रथिनाला हाताशी धरून विषाणूच्या जनुकांच्या प्रती काढायला लावतं. माणसाच्या सायक्लिन टी१ मध्ये २६१ व्या जागी सिस्टीन आहे, उंदराच्यात टायरोसीन. एका अमिनो आम्लाचा फरक, पण तेवढ्याने काम जवळजवळ ठप्प. पुढे नवे विषाणू बांधून बाहेर काढण्यातही उंदराची पेशी कच्ची. शिवाय उंदराचं एपोबेक३ हे संरक्षक प्रथिन विषाणूच्या व्हिफला दाद देत नाही. थोडक्यात, एक कुलूप उघडलं की पुढे दुसरं.

यातून संशोधकांनी दोन वाटा काढल्या.

पहिली वाट पारजनुकीय उंदराची. संसर्गाची भानगडच नको, विषाणूचं जनुक थेट उंदराच्या जीनोममध्ये घाला. मग ते जनुक जन्मापासून, निवडलेल्या पेशींमध्ये बोलत राहतं. बहुतेक अशा उंदरांत विषाणू पसरत नाही, नव्या पेशीला लागण होत नाही.

दुसरी वाट मानवीकृत उंदराची. इथेही जनुकीय बदल आहे, पण तो उंदराची स्वतःची प्रतिकारशक्ती काढून टाकण्यासाठी. १९८३ मध्ये 'स्किड' उंदीर सापडले, ज्यांच्यात टी आणि बी पेशी बनतच नाहीत. १९८८ मध्ये मॅक्यून यांच्या गटाने अशा उंदरांत मानवी गर्भाच्या ऊती बसवल्या, तर मोझियर यांच्या गटाने प्रौढ माणसाच्या रक्तातल्या पेशी सोडल्या. पुढे इंटरल्युकिन-२ रिसेप्टरची गॅमा साखळीही काढलेले एनएसजी उंदीर आले आणि त्यांच्यात मानवी मूलपेशी चांगल्या रुजू लागल्या. २००६ मध्ये अस्थिमज्जा, यकृत आणि थायमस यांवर आधारलेलं 'बीएलटी' मॉडेल आलं. या उंदरांत विषाणू खरा असतो, लागण होणाऱ्या पेशीही खऱ्याखुऱ्या माणसाच्या असतात. बाकी आजूबाजूचं सगळं उंदराचं.

बातमीत मात्र दोन्हींना एकच नाव, 'एचआयव्हीबाधित उंदीर'. घोळ इथूनच सुरू होतो. कारण या दोघांना विचारता येणारे प्रश्न वेगळे आहेत.

आजार सारखा दिसला, पण कारण?

पारजनुकीय उंदरांची तीन उदाहरणं घेऊ. एक फसवणारं, एक उत्तम आणि एक मधलं.

१९८८ मध्ये 'नेचर'मध्ये एक पेपर आला. उंदरांत फक्त टॅटचं जनुक घातलं, तर त्यांच्या कातडीवर कापोसी सार्कोमासारख्या गाठी आल्या. एड्सच्या रुग्णांत हा कर्करोग त्या काळी फार दिसत होता, त्यामुळे अर्थ लावायला वेळ लागला नाही. एचआयव्हीचंच प्रथिन हा कर्करोग घडवत असणार! पण त्याच पेपरमध्ये दोन खटकणाऱ्या गोष्टी होत्या. गाठी फक्त नरांना येत होत्या, आणि टॅट कातडीत व्यक्त होत असलं तरी गाठीच्या पेशींमध्ये ते सापडत नव्हतं. पुढे १९९४ मध्ये युआन चँग आणि पॅट्रिक मूर यांनी कापोसी सार्कोमाच्या ऊतींतून एक नवाच हर्पीस विषाणू शोधून काढला. मूळ कारण तो होता. टॅटचा हातभार असू शकतो, पण कारण म्हणून नाही. त्या उंदरात हा हर्पीस विषाणू नव्हताच, त्यामुळे उंदीर त्याच्याबद्दल काही सांगूच शकत नव्हता. प्रयोग खोटा नव्हता. 'सारखं दिसणं' आणि 'त्याच कारणाने होणं' यांतलं अंतर वाचणाऱ्यांनी उडी मारून पार केलं.

आता उत्तम उदाहरण. एचआयव्ही असलेल्या काही रुग्णांच्या किडन्या वेगाने निकामी होतात. प्रश्न असा होता, हे बिघडलेल्या प्रतिकारशक्तीमुळे होतं, की विषाणूची जनुकं किडनीच्या पेशींतच काम करत असतात म्हणून? १९९१ मध्ये टीजी२६ हा उंदीर वर्णिला गेला. विषाणूचा जीनोम, पण गॅग आणि पॉल या जनुकांचा भाग कापलेला, म्हणजे नवा विषाणू बनण्याची सोयच नाही. या उंदरांच्या किडन्या रुग्णांसारख्याच खराब होत. मग १९९७ मध्ये एका गटाने सरळ किडन्यांची अदलाबदल केली. पारजनुकीय उंदराची किडनी साध्या भावंडात बसवली, तरी ती बिघडली. साध्या उंदराची किडनी पारजनुकीय भावंडात बसवली, ती ठीक राहिली. संपला वाद! दोष किडनीतल्या जनुकाचा, अंगातल्या वातावरणाचा नाही. काही वर्षांत रुग्णांच्या किडनीच्या पेशींतही विषाणूचा आरएनए सापडला.

हा प्रयोग मला फार आवडतो, कारण इथे उंदराला नेमका एकच प्रश्न विचारला आणि उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढंच येणार होतं. तरी याच मॉडेलची दुसरी बाजूही पाहा. हेच जनुक उंदराच्या एफव्हीबी जातीत असेल तर आजार होतो, 'ब्लॅक सिक्स' जातीत नेलं तर बहुतांशी होत नाही. म्हणजे यजमानाची बाकीची जनुकंही ठरवतात. माणसांत हा धोका आफ्रिकी वंशाच्या लोकांत जास्त का, याचा मोठा भाग २०१० मध्ये सापडलेल्या एपीओएल१ जनुकाच्या प्रकारांनी उलगडला. आणि उंदरात एपीओएल१ हे जनुकच नाही. सगळ्या उंदरांवर आयुष्यभर काम केलं असतं तरी ते तिथे सापडलं नसतं.

तिसरं उदाहरण नेफचं. १९९८ मध्ये मॉन्ट्रियलच्या पॉल जोलिकर यांच्या गटाने 'सेल'मध्ये दाखवलं की विषाणूच्या जनुकांपैकी एकटं नेफ सीडी४ पेशींत आणि मॅक्रोफेजमध्ये व्यक्त केलं, तरी उंदरांत एड्ससारखा आजार होतो. थायमस आक्रसतो, सीडी४ पेशी घटतात, वजन उतरतं. यावर विश्वास ठेवावा का? मी ठेवते, पण उंदरामुळे नाही. माकडांतल्या एसआयव्हीतून नेफ काढलं तर आजार सौम्य होतो हे १९९१ मध्येच दिसलं होतं. सिडनीत एकाच रक्तदात्याकडून लागण झालेल्या काही जणांना वर्षानुवर्षं आजार झाला नव्हता, आणि त्यांच्या विषाणूत नेफचा तुकडा गळलेला आहे हे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालं. उंदीर या साखळीतली एक कडी आहे. मात्र सिडनीच्या त्या गटातल्या काहींच्याही सीडी४ पेशी पुढे घटू लागल्या, म्हणजे नेफ हीच सगळी गोष्ट नाही. आणि माणसात एका वेळी थोड्याच सीडी४ पेशींना लागण झालेली असते, तर या उंदरात तसल्या पेशी जन्मापासून नेफ बनवत असतात. 'पेशी कशा मरतात' हा प्रश्न इथे विचारताना दहादा विचार करायला हवा.

औषध चाललं, गोळी नाही चालली

मानवीकृत उंदरांकडे येऊ. २००८ मध्ये बीएलटी उंदरांवर एक महत्त्वाचा प्रयोग झाला. टेनोफोविर आणि एमट्रिसिटाबिन आधीच दिलं, तर योनिमार्गे होणारी लागण टळते का? टळली. दोन वर्षांनी माणसांवरच्या आयप्रेक्स चाचणीत पुरुषांशी लैंगिक संबंध ठेवणाऱ्या पुरुष आणि ट्रान्स स्त्रियांमध्ये लागण ४४ टक्क्यांनी कमी झाली. उंदीर जिंकला म्हणायचं.

पण आफ्रिकेतल्या स्त्रियांमध्ये झालेली फेम-प्रेप चाचणी २०११ मध्ये थांबवावी लागली, फायदाच दिसेना. रक्त तपासलं तेव्हा कळलं, निम्म्याहून कमी स्त्रिया गोळी घेत होत्या. उंदराला रोज इंजेक्शन दिलं जातं, त्याला कुणी विचारत नाही. माणसाला गोळी घरात लपवावी लागते, सासूला काय सांगायचं हा प्रश्न असतो, आपल्याला धोका आहे असं वाटतही नसतं. उंदराचं उत्तर बरोबरच होतं: औषध अंगात असेल तर लागण टळते. 'औषध अंगात असेल का' हे त्याला विचारलंच नव्हतं.

आता तो पेपर

जुलै २०१९, 'नेचर कम्युनिकेशन्स'. कामेल खलिली आणि हॉवर्ड गेंडलमन यांचे गट. मानवी पेशी रुजवलेले उंदीर, त्यांना एचआयव्हीची लागण, मग दीर्घकाळ टिकणारी विषाणूरोधक औषधं, आणि त्यानंतर एएव्ही९ या वाहकातून क्रिस्पर, जे पेशीच्या डीएनएत घुसून बसलेली विषाणूची प्रत कापून काढतं. औषधं थांबवल्यावर साधारण एक तृतीयांश उंदरांत विषाणू परतला नाही. त्यांच्या पेशी दुसऱ्या निरोगी मानवीकृत उंदरांत घालून पाहिल्या, तिथेही विषाणू उगवला नाही. ही चांगली, कडक तपासणी आहे. आणि लेखकांनी शीर्षकातच 'काही उंदरांत' असं स्पष्ट लिहिलंय. ते दोन शब्द बातम्यांनी गाळले, आणि माझ्या स्लाइडनेही.

माझा आक्षेप 'निर्मूलन' या शब्दावर आहे. एक छोटं गणित करू. पुढचे आकडे मी सोयीसाठी धरलेत, पेपरमधले नाहीत.

समजा, औषधं चालू असताना एका उंदरात विषाणू लपलेल्या फक्त १० पेशी उरल्या आहेत. समजा, क्रिस्पर प्रत्येक पेशीतला विषाणू ९० टक्के वेळा निकामी करतं. मग दहाच्या दहा पेशी साफ होण्याची शक्यता किती? ०.९ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ०.३५. दर तीन उंदरांत एक 'बरा'!

बघा काय झालं. उपचार सगळ्या उंदरांत सारखाच चालला, प्रत्येकात सरासरी एक पेशी सुटली. ज्यांच्यात योगायोगाने एकही सुटली नाही, त्यांना आपण 'बरे झाले' म्हणालो. म्हणजे एक तृतीयांश उंदीर बरे होणं हा उपचार परिपूर्ण असल्याचा पुरावा ठरत नाही. दहातली एक पेशी सुटू देणाऱ्या उपचारातूनही नेमका असाच निकाल येऊ शकतो.

आता हाच उपचार माणसाला द्या. उंदीर २५ ग्रॅमचा, माणूस ६० किलोचा, म्हणजे २,४०० पट. वजनाच्याच प्रमाणात धरलं तर लपलेल्या पेशी २४,०००. नव्वद टक्के गेल्या तरी २,४०० उरतात. बरं, उपचार सुधारून ९९.९ टक्क्यांवर नेला. आता शंभरातले नव्व्याण्णव उंदीर साफ होतील, टाळ्या वाजतील, आणि माणसात तरीही २४ पेशी शिल्लक. विषाणू परतायला एक पुरते.

फरक फक्त संख्येचाही नाही. उंदरांना लागण होऊन काही आठवडेच झालेले असतात. माणसात विषाणू वर्षानुवर्षं मुरलेला असतो, लपलेल्या पेशी वाढून त्यांच्या वसाहती झालेल्या असतात. अशा उंदराच्या मेंदूत माणसाच्या मायक्रोग्लिया नसतात, त्यामुळे तिथली लपण्याची जागा तपासलीच जात नाही. आणि एएव्ही वाहकाविरुद्ध अनेक माणसांत आधीच प्रतिपिंडं असतात. उंदराची प्रतिकारशक्ती आपणच काढून घेतलेली, तो कशाला विरोध करेल?

पुढे काय झालं ते आता आपल्याला माहीत आहे. याच तत्त्वावर बेतलेल्या ईबीटी-१०१ या उपचाराची माणसांवरची पहिली चाचणी २०२२ मध्ये सुरू झाली. मे २०२४ मध्ये निष्कर्ष मांडले गेले. सुरक्षेच्या दृष्टीने मोठी अडचण दिसली नाही. पण ज्या तिघांनी औषधं थांबवली, त्या तिघांतही विषाणू परतला. एकात परतायला सुमारे १६ आठवडे लागले, हीच त्यातल्या त्यात जमेची बाजू.

मग उंदीर नकोच का?

असं मी म्हणत नाही. 'लपलेला विषाणू जिवंत प्राण्याच्या अंगात कापून काढता येतो का?' या प्रश्नाला २०१९ च्या उंदरांनी 'हो' असं उत्तर दिलं, आणि ते उत्तर आजही बरोबर आहे. 'सगळा कापून काढता येतो का?' हा वेगळा प्रश्न आहे आणि एवढ्याशा प्राण्यात तो विचारता येत नाही. चूक प्रश्नांची अदलाबदल करण्यात आहे.

शिवाय प्राण्यांवरच्या प्रयोगांना आपल्याकडे संस्थेच्या आचारसमितीची परवानगी लागते. तिथे 'कमीत कमी किती प्राणी लागतील' हे लिहावं लागतं. आपल्यापैकी बरेच जण तो रकाना आधीच्या विद्यार्थ्याच्या अर्जातून उतरवतात. मीही उतरवला आहे. पण प्रश्न नीट ठरला नसेल तर कमीत कमी संख्या ठरणार कशी? धूसर प्रश्नासाठी मारलेला एक उंदीरही जास्तच.

तेव्हा असा पेपर हातात आला की मी आता गोषवारा वाचून झाल्यावर थेट पद्धतीच्या भागाकडे जाते आणि वहीत चार ओळी लिहिते.

एक, विषाणू खरा पसरतोय की नुसतं जनुक बोलतंय?

दोन, या उंदरात काय नाही? हर्पीस विषाणू नव्हता, एपीओएल१ नव्हतं, मायक्रोग्लिया नव्हत्या. जे नाही, त्याबद्दल निष्कर्षही नाही.

तीन, किती उंदीर, आणि ज्यांच्यात जमलं नाही त्यांचं काय झालं? जर्नल क्लबमध्ये माझ्या एका सीनियरने हेच विचारलं होतं, "उरलेले दोन तृतीयांश कुठे गेले?" तेव्हा मला तो खवचटपणा वाटला होता.

चार, कोणता विषाणू? हे आपल्यासाठी खास महत्त्वाचं. प्रयोगशाळांत सर्रास वापरला जाणारा एनएल४-३ हा बी उपप्रकारातला, भारतात मात्र बहुतांश लागण सी उपप्रकाराची. फरक पडतो का? २००८ मधल्या एका अभ्यासात बी आणि भारतीय सी उपप्रकाराच्या विषाणूंची लागण केलेल्या मानवी पेशी स्किड उंदरांच्या मेंदूत घातल्या. बी गटातल्या उंदरांनी स्मरणशक्तीच्या चाचणीत जास्त चुका केल्या. म्हणजे बी वर मिळालेलं उत्तर जसंच्या तसं आपल्या रुग्णांना लावण्याआधी थांबायला हवं. हे काम भारतात बसून करण्यासारखं आहे, कुणाला विषय हवा असेल तर बघा.

त्या काकांचा नंबर मी घेतला नव्हता, आणि तशा जागी मागणं बरंही दिसलं नसतं. पण पुन्हा कुणी विचारलं तर आता मी असं सांगेन: "काका, त्या उंदरांत लपलेला विषाणू मूठभर होता, आणि तरी तिनातल्या दोघांत तो परत आला. माणसांत करून पाहिलं, तिथे तिघांतही परत आला. लोक अजून काम करताहेत. तुमची गोळी मात्र आज काम करतेय, माणसातच करतेय. ती घेत राहा आणि पुढची तपासणी चुकवू नका."

एवढंच उत्तर होतं. ते मला पहिल्या वर्षीच देता यायला हवं होतं, पेपर तर हातात होता.